गुलूजवळच्या गावात सौरऊर्जेवर इंटरनेट केंद्र : पॅनेल-बॅटरीचा हिशोब आणि त्याआधी ठरवायच्या गोष्टी

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही सोलापूरचे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. एका सेवाभावी संस्थेबरोबर सहा महिन्यांसाठी उत्तर युगांडात जाताय. गाव गुलू शहरापासून बारा किलोमीटरवर, वीज नाही, आणि तिथल्या शाळेच्या खोलीत इंटरनेट केंद्र उभं करायचंय. त्यासाठी १ किलोवॅटचं पॅनेल, १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या, दीड केव्हीएचा इन्व्हर्टर आणि चार डेस्कटॉप असा संच ठरवलाय. हे पुरेल का, आणि यातलं काय सोलापुरातून न्यावं, हे तुम्हाला हवंय.

पुरणार नाही. दोन दिवस ढगाळ गेले की केंद्र बंद पडेल आणि वर्ष-दीड वर्षात बॅटऱ्या जातील. पण पॅनेल वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही. लोड, म्हणजे उपकरणांचा विजेचा वापर, खाली आणला तर याहून लहान पॅनेलवर काम भागतं. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की सहा महिन्यांनी तुम्ही परत आल्यावर बॅटरीच्या खोलीची किल्ली कोणाकडे असेल, आणि बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे कुठून येतील. बॅटरी कोणत्या जातीची घ्यायची, संच केवढा करायचा, हे त्या उत्तरावरून ठरवायचं. मी सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट भागात सौर संच आणि लांब पल्ल्याच्या वाय-फाय लिंक बसवतो. बंद पडलेले संच उघडले की कारण बहुतेक वेळा या दोहोंतलंच निघतं : लोड मोजलेला नव्हता, किंवा संचाला धनी नव्हता.

आधी तुमच्या यादीचा हिशोब. डेस्कटॉप मॉनिटरसकट १३० वॅट धरू. चार नग, रोज सहा तास, म्हणजे ३१२० वॅट-तास. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी २० वॅटच्या आसपास खातो, चोवीस तासांचे ४८०. रेडिओ (लांबच्या वाय-फायचं लहरी पाठवणारं यंत्र), स्विच, राउटर मिळून साधारण ४३०. झाले ४०३०. वायर, कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी भरणं सांभाळणारं यंत्र) आणि बॅटरीतली गळती धरून ०.८ ने भागा, म्हणजे पॅनेलकडून रोज ५००० वॅट-तास यायला हवेत. गुलूत पावसाळ्यातलं कमजोर ऊन धरून दिवसाला साडेचार तास पूर्ण ताकदीचे मोजा, त्यातून धूळ आणि उष्णतेपायी वीस टक्के वजा करा. १ किलोवॅटच्या पॅनेलकडून ३६०० मिळतात. रोजची १४०० ची तूट. बॅटरी हे शेततळं आहे : रोज झऱ्यापेक्षा जास्त उपसा केला, तर ते कितीही मोठं खणलं तरी तळ दिसणारच. तुमच्या तळ्यात, म्हणजे दोन बॅटऱ्यांत, भरलेले ३६०० आहेत, आणि लेड-ॲसिडमधून निम्मेच काढायचे असल्यामुळे कामाचे १८००.

आता दुसरी यादी. डेस्कटॉपऐवजी चार लॅपटॉप, सरासरी २५ वॅट, सहा तास : ६००. लांबचा रेडिओ ८ वॅट आणि स्विच ३ वॅट, चोवीस तास : २६४. खोलीतला वाय-फाय आणि एक लहान लोकल सर्व्हर मिळून १४ वॅट, बारा तास : १६८. सात वॅटचे तीन एलईडी, चार तास : ८४. रोज वीस मोबाइल चार्ज करायचे, प्रत्येकी १५ : ३००. बेरीज १४१६, गळतीसह १७७०. त्याला लागणारं पॅनेल १७७० भागिले ३.६ (साडेचार तासांतून वीस टक्के वजा), म्हणजे ४९२ वॅट. ३३५ वॅटची दोन घ्या, ६७० होतात. वरचे पावणेदोनशे वॅट चैनीचे नाहीत. तीन ढगाळ दिवसांनंतर ऊन पडतं तेव्हा रोजचा खर्च भागवून बॅटरी परत वर आणायला तेच लागतात.

५४० वॅटचं एकच पॅनेल स्वस्त पडेल असं दुकानदार सांगेल. घेऊ नका. त्याचं वजन २८ किलोच्या आसपास, लांबी सव्वादोन मीटर, आणि कच्च्या रस्त्यावर काच तडकली की केंद्रच बंद. दोन असली तर एकावर निम्मं काम चालतं. ही दोन ३३५ वॅटची पॅनेल पॅरललमध्ये जोडा. सिरीजमध्ये उघडं (काही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ९२ च्या पुढे जातं, सकाळच्या गारव्यात आणखी वाढतं, आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर काठावर येतो. ३० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर पुरे.

दिशेच्या बाबतीत इथली सवय तिथे आड येईल. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला, म्हणून आपण डोळे झाकून पॅनेल दक्षिणेला १७-१८ अंशांवर वाकवतो. गुलू २.८ अंश उत्तरेला आहे. तिथे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून वीस अंश उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि पाऊस एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे ऊन कमजोर असतं तेही त्याच काळात. पॅनेल उत्तरेकडे दहा अंश वाकवा. डिसेंबर-जानेवारीत थोडं नुकसान होईल, पण तेव्हा आकाश मोकळं असतं. दहाच्या खाली जाऊ नका, पावसाने धूळ धुऊन जायला तेवढा उतार लागतो. कोरड्या दिवसांत तिकडे गवत जाळतात. राख पॅनेलवर बसते आणि आगही जवळ येते. पॅनेलच्या भोवती पाच मीटर जमीन साफ ठेवायला सांगा, आणि गवताच्या छपरावर पॅनेल अजिबात नको.

इन्व्हर्टर यादीतून काढा. सगळं २४ व्होल्ट डीसीवर चालवा. यूएसबी-सी चार्जिंगचे लॅपटॉप घेतले तर १२/२४ व्होल्टचे ६५ वॅटचे गाडीचे चार्जर चालतात, आणि असा चार्जर गेला तर ट्रकवाल्यांच्या दुकानात दुसरा मिळतो. प्रिंटर हवाच असेल तर इंकजेट घ्या आणि त्याच्यापुरता ३०० वॅटचा लहान साइन वेव्ह इन्व्हर्टर, स्वतंत्र बटणावर. लेझर प्रिंटरचा हीटर क्षणभरात पाचशे वॅटच्या वर खेचतो, तो या संचावर नको. रेडिओ २४ व्होल्टचा असला तरी सरळ बॅटरीला जोडू नका. चार्ज होताना बॅटरी २८.८ पर्यंत चढते आणि बरेच रेडिओ तेवढं सोसत नाहीत. मध्ये २४ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा एक जादा नग कपाटात.

१२ ऐवजी २४ व्होल्ट का, ते वायरवरून कळतं. ६० वॅटचा लोड दहा मीटरवर, २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर. १२ व्होल्टला ५ अँपिअर वाहतो आणि जाऊन-येऊन वीस मीटरमध्ये पाऊण व्होल्ट गळतो, म्हणजे सहा टक्के. तोच लोड २४ व्होल्टला असेल तर गळती दीड टक्का. सोलापुरात बारा व्होल्टच्या संचावर शेवटचा दिवा मंद जळतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. बॅटरी ते कंट्रोलर १० चौरस मिलीमीटर वायर आणि बॅटरीच्या प्लसपासून एका फुटाच्या आत ४० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरगुती एसी एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी तिच्याने तुटत नाही, आत जळत राहते. डीसी एमसीबी घेतली तर प्लस-मायनसच्या खुणा पाहूनच जोडा, उलटी लावली तर तीही पेटते.

बॅटरीबद्दल दोन मतं आहेत, आणि उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन दिवसांचा साठा म्हणजे ३५४० वॅट-तास. ट्युब्युलर लेड-ॲसिडमधून निम्मे काढायचे तर १२ व्होल्ट १५० एएचच्या चार बॅटऱ्या लागतात, दोन-दोन सिरीजमध्ये, मग त्या जोड्या पॅरलल. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ऐंशी टक्के काढता येतात, तिथे २४ व्होल्ट २०० एएच पुरते. लिथियम हलकी, जास्त वर्षं चालणारी. पण तिच्या आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं) कार्ड गेलं तर गावात कोणी उघडू शकत नाही, आणि राजधानी कंपाला गुलूपासून तीनशे किलोमीटरहून लांब आहे. लेड-ॲसिडची जाण ट्रक असतो तिथे सगळीकडे असते. माझं मत असं : कंपालात विकणारा गुलूपर्यंत येऊन वॉरंटी देत असेल तर लिथियम, नाहीतर ट्युब्युलर. आणि दोन्हींपैकी काहीही इथून न्यायचं नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानाने माल म्हणून पाठवता येत नाहीत. मालवाहू विमानात ३० टक्क्यांहून जास्त चार्ज चालत नाही. लेड-ॲसिडचा एकेक नग पन्नास-साठ किलोचा, तो केनियातल्या मोंबासा बंदरातून रस्त्याने युगांडात न्यायचा, म्हणजे किमतीपेक्षा भाडं आणि कटकट जास्त.

बॅटरी मारतं ते कंट्रोलरचं फॅक्टरी सेटिंग. लोड तोडायची पातळी बरेचदा २१.६ किंवा २२.२ व्होल्ट ठेवलेली असते. ट्युब्युलरला ती फार खोल आहे. २३.६ वर आणा, आणि परत जोडायची २५.४ वर. लॅपटॉप आणि मोबाइल चार्जिंग कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर घ्या. रेडिओ आणि स्विच मात्र वेगळ्या कट-ऑफ रिलेवर, २३.२ ला. म्हणजे बॅटरी उतरली की आधी लॅपटॉप बंद होतील, लिंक शेवटी. तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा असतो, तो पुष्कळ जण खोक्यातच ठेवतात. २५ अंशांना २८.८ व्होल्टपर्यंत चार्ज करायचं, ४० अंशांना २८ च्या आसपास थांबायचं. सोलापुरात मे महिन्यात हा सेन्सर नसेल तर पाणी महिन्याभरात आटतं. गुलू समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंच, त्यामुळे बॅटरीला तिथली हवा इथल्यापेक्षा बरी. लिथियम घेतली तर इक्वलायझेशन (मुद्दाम जादा व्होल्टेजने केलेलं चार्जिंग) बंद करा आणि चार्जिंग २८.४ च्या वर नको.

रोजची पारख करायला एक वही आणि एक मल्टिमीटर. सकाळी ऊन चढण्याआधी, लॅपटॉप बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज लिहायचं. ट्युब्युलरला २४.८ च्या वर असेल तर नेहमीचा दिवस. २४.४ ते २४.८ मध्ये असेल तर दोनच लॅपटॉप. २४.४ च्या खाली असेल तर लॅपटॉप बंद, फक्त वाय-फाय आणि फोन. हे तीन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा, तिथल्या आचोली भाषेत आणि इंग्रजीत. लिथियममध्ये ही युक्ती चालत नाही. तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. तिला शंट लावलेला मीटरच हवा, जो टक्के दाखवतो.

आता इंटरनेट आणायचं कसं. पोचल्यावर पहिल्यांदा फोन एका लांब बांबूवर बांधून दहा मीटर वर धरा आणि ४जी येतंय का बघा. चांगलं येत असेल तर बाहेरचा ४जी राउटर आणि दिशेचा अँटेना, सात-आठ वॅटमध्ये काम होतं, टॉवरची उठाठेव वाचते. फक्त डेटाचा महिन्याचा खर्च आधी काढा. उपग्रहाची डिश ७५ वॅटच्या आसपास घेते. बारा तासांचे ९०० वॅट-तास, म्हणजे चारही लॅपटॉपच्या दीडपट. आणि युगांडाचा परवाना नसेल तर डिश सामानात घालूच नका. जिथे लढाई होऊन गेली आहे तिथे परवान्याशिवायच्या डिशकडे कस्टम आणि लष्कर वेगळ्याच नजरेने बघतं.

गुलूहून वाय-फाय लिंक करायची झाली तर बारा किलोमीटर हे अंतर रेडिओला जड नाही. अडचण झाडांची. ५.८ गिगाहर्ट्झला बारा किलोमीटरच्या मध्यावर लहरीला मोकळी जागा लागते साडेसात मीटर, वर पृथ्वीच्या गोलाईचे दोन. म्हणजे मध्ये बारा मीटरची आंब्याची किंवा शियाची (तिथलं तेलबियांचं झाड) झाडं असतील तर दोन अँटेनांना जोडणारी रेघ तिथे बावीस मीटर उंचावरून जायला हवी. जमीन सपाट असेल आणि गुलूत एखाद्या टॉवरवर ३० मीटर मिळाले, तर तुमच्या गावात १५ मीटरच्या खांबावर भागतं. २३ डीबीआयच्या (डिशची ताकद) दोन डिश आणि २५ डीबीएम (रेडिओची ताकद) पॉवर धरली तर सिग्नल उणे ६० डीबीएमच्या आसपास यायला हवा. उणे ७८ येत असेल तर समजा की डिशने मुख्य झोत सोडून बाजूचा पकडलाय. आडवी हळूहळू फिरवत दोन्हीकडे सिग्नल पडेपर्यंत जा, सर्वांत मोठं शिखर शोधा, मग वर-खाली तेच. बोल्ट आवळताना डिश हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा आकडा बघा. रेडिओत देशाचा कोड युगांडाचा घाला आणि कोणती वारंवारता चालते ते तिथल्या दूरसंचार आयोगाकडून लेखी घ्या. भारतात जे बिनापरवाना चालतं ते तिथे चालेलच असं धरू नका.

खांब तीन मीटरच्या पाच जीआय पाइपांचा, तीन पातळ्यांवर ताण, प्रत्येक पातळीला १२० अंशांवर तीन तारा. तारांचे खुंट खांबापासून नऊ-दहा मीटरवर, एक मीटर खोल काँक्रीटमध्ये. लाकडी खांब नको, वाळवी सोडत नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाया फुगतो, तसा त्रास तिथल्या लाल मुरमाड जमिनीत कमी. पण त्याच मुरमामुळे अर्थिंग नीट लागत नाही, आणि तिथे अर्थिंगमध्ये कसूर परवडत नाही. युगांडात विजा फार पडतात. २०११ मध्ये किर्यांदोंगो जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेवर वीज पडून १८ मुलं गेली. म्हणून खांब वर्गाच्या भिंतीला टेकवून उभा करायचा नाही. इमारतीपासून निदान पंधरा मीटर दूर, तीन मीटरच्या दोन-तीन तांब्याच्या सळ्या एकमेकींपासून तीन मीटरवर ठोकून, बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरून, रोध १० ओहमच्या खाली आणायचा. खांबाची, पॅनेलच्या चौकटीची आणि कंट्रोलरची अर्थिंग एकमेकांना जोडलेली हवी. वेगवेगळी ठेवली तर वीज पडल्यावर त्यांच्यातल्या फरकानेच उपकरणं जळतात. इथरनेट केबल शिल्डची, बाहेर वापरायची, आणि तिच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर. केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट स्विचमध्ये उतरतं. ढग गडगडायला लागले की मुलांनी खांबापासून आणि ताणाच्या तारांपासून लांब राहायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून.

युद्धातून सावरणाऱ्या गावाचा भाग आता, आणि तो तारा-बोल्टांइतकाच काटेकोरपणे करायचा आहे. आचोली भागात (गुलूचा परिसर) लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी हे बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यातली लढाई १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००६ पर्यंत चालली. ऐन भरात उत्तर युगांडात अठरा लाखांच्या आसपास माणसं विस्थापितांच्या कॅम्पांत होती. २००६ च्या ऑगस्टमध्ये युद्धबंदी झाली आणि पुढची काही वर्षं लोक गावी परतत राहिले. इतक्या वर्षांनी परतलेल्या माणसाला बांध सापडत नाही, साक्षीदार म्हातारे होऊन गेलेले. जमिनीचे वाद तिथे अजून आहेत. म्हणून खांबाच्या जागेबद्दल 'ही शाळेचीच' असं कोणी तोंडी सांगितलं तर थांबा. कुळाचे वडीलधारे, शाळेची समिती आणि शेजारच्या जमिनीवर हक्क सांगणारे, तिघांना एकत्र उभं करून खुंट मोजा आणि लिहून घ्या. ताणाचे खुंट दहा मीटर पसरतात. वाद खांबापेक्षा त्यांच्यावरून होतो.

खड्डा खणण्याआधी स्फोटकांबद्दल विचारा. युगांडाने डिसेंबर २०१२ मध्ये सुरुंग काढून झाल्याचं जाहीर केलं, पण न फुटलेला एखादा हातबॉम्ब किंवा तोफगोळा कुठेही राहू शकतो. लिंक मध्येच वळवून पुढे न्यायला (रिलेसाठी) टेकडी शोधाल तेव्हा जास्त जपा. दूरवर दिसतं म्हणून तुम्हाला हवी असलेली टेकडी, त्याच कारणाने फौजेलाही हवी होती. तिथे पायवाट सोडू नका. आधी गावातल्या जाणत्या माणसाला आणि पोलिसांना विचारा, आणि गंजलेलं काहीही उचलू नका, लाथाडू नका. हेच काम दक्षिण सुदानसारख्या देशात असतं तर मी सुरुंग काढणाऱ्या यंत्रणेच्या लेखी परवानगीशिवाय कुदळ मारू नका म्हटलं असतं.

अँटेना आणि रेडिओ म्हटलं की लोकांना लष्कर आठवतं. खांब उभा करण्याआधी सभा घ्या, रेडिओ हातात द्या, त्यातून कोणाचं बोलणं ऐकलं जात नाही हे त्यांच्याच शिक्षकाकडून सांगू द्या. लहानपणी पळवून नेलेली आणि नंतर परत आलेली माणसं त्या गावांत राहतात, आणि त्यांच्या शेजारी नातेवाईक गमावलेलीही. हजेरीच्या वहीत नाव आणि वेळ, एवढंच. 'युद्धात कुठे होतात' हा रकाना देणगीदाराने मागितला तरी ठेवू नका. फोटो विचारल्याशिवाय नाही. एक टेबल असं ठेवा की पडदा फक्त बसणाऱ्यालाच दिसेल. हरवलेल्या माणसाचा शोध, आरोग्याचा प्रश्न, हे कोणी चार जणांच्या नजरेसमोर टाइप करत नाही. ब्राउझर बंद झाला की सगळं पुसलं जाईल असं सेटिंग लावा. वेळ ठरवताना पाणी भरून, शेतातून बायका मोकळ्या कधी होतात ते त्यांनाच विचारा, नाहीतर चारही लॅपटॉपवर दिवसभर तरुण पोरंच दिसतील.

डेटाबद्दल थोडक्यात. लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि आपोआप होणारे अपडेट बंद करा. एका लॅपटॉपचं अपडेट सगळ्या गावाचा दिवसाचा डेटा खाऊन टाकतं. लोकल सर्व्हरवर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) घालून विकिपीडिया ठेवा. इंग्रजीचा पूर्ण संच चित्रांसह १०० जीबीच्या आसपास आहे, २५६ जीबीच्या कार्डात बसतो. लिंक पडली तरी शाळेचं काम त्यावर चालू राहतं.

मोबाइल चार्जिंगचे पैसे घ्या, आणि ते फक्त बॅटरीच्या डब्यात. बॅटरीची किंमत भागिले ४८ महिने, एवढी रक्कम दरमहा बाजूला पडली पाहिजे. दर गावाच्या समितीने ठरवायचा, हिशोब महिन्याला भिंतीवर लावायचा. इंटरनेट फुकट ठेवलं तरी चालेल, चार्जिंग फुकट ठेवू नका. चालवायला दोन माणसं तयार करा, त्यातली एक बाई असू द्या. एकच तरुण शिकवला तर कंपालात नोकरी लागली की तो जातो आणि किल्लीही जाते. शेवटचे दोन महिने तुम्ही हात खिशात ठेवायचे. फ्यूज काढून ठेवा, केबल सैल करा, आणि त्या दोघांना शोधू द्या.

गुलूत २००७ पासून बॉस्को युगांडा ही संस्था सौरऊर्जा, लांबचं वाय-फाय आणि कमी विजेचे संगणक हेच काम करत आली आहे, कॅम्पांच्या काळापासून. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना भेटा. कुठल्या टेकडीवरून काय दिसतं, कोणता दुकानदार खरी बॅटरी देतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार नाही. तुमच्या गावाकडे तोंड करून त्यांचा एखादा खांब आधीच उभा असेल तर तुमचं अर्धं काम झालं.

सोलापुरातून न्यायचं ते हत्यार आणि बारीकसारीक. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, एमसी४ चा (पॅनेलच्या वायरीचा जोड) खरा क्रिंपिंग पक्कड आणि वीस जोड, इथरनेटचा क्रिंपर, टेस्टर आणि शंभर शिल्डचे कनेक्टर, डीसी फ्यूज, लग, फेरूल, हायड्रोमीटर, दोन जादा डीसी-डीसी कन्व्हर्टर, दोन पीओई इंजेक्टर (इथरनेट केबलमधूनच रेडिओला वीज देणारे). एमसी४ साध्या पकडीने दाबू नका. सुरुवातीला चालतो, उन्हात तापून सहा महिन्यांत वितळतो. दाबल्यावर जोराने ओढून बघा, निसटला तर पुन्हा. कंट्रोलरच्या जाळीवर आतून बारीक मच्छरजाळी चिकटवा. आपल्याकडे इन्व्हर्टरमध्ये पाल शिरून कार्ड जळतं, तोच प्रकार तिथेही होतो, वर कुंभारमाशी जंक्शन बॉक्समध्ये मातीचं घर करते. मेन्सवर चालणारं काही नेत असाल तर तिथली पिन तीन चौकोनी पायांची, ब्रिटिश धाटणीची आहे. व्होल्टेज आपल्यासारखंच.

निघण्याआधी पंधरा दिवस हा सगळा संच सोलापुरात गच्चीवर भाड्याच्या किंवा उसन्या पॅनेल-बॅटरीवर चालवा. रोज सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज लिहा, एक दिवस पॅनेल पूर्ण झाकून ठेवा, आणि कट-ऑफ ठरलेल्या आकड्यालाच होतो का ते बघा. रेडिओची जोडी गावच्या दोन पाण्याच्या टाक्यांवर, ग्रामपंचायतीला विचारून, तीन-चार किलोमीटरवर जुळवून बघा. डिश जुळवायचा हात तिथेच बसतो.

तुमच्या गावातल्या शाळेचे आणि गुलूत जिथून इंटरनेट मिळणार त्या इमारतीचे अक्षांश-रेखांश, तसंच मधल्या झाडांचा अंदाज इथे लिहा. खांब किती उंच लागेल ते मोजून सांगतो.